सशाचे दुखणे

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या रवाने कोथिंबीर खाल्ली नाही. मंगळवारी दुपारी बाराच्या आत तो गेला. या दोन वाक्यांच्या मध्ये पुरते सतरा तासही नाहीत.

रवा हा आमच्या घरातला पाच वर्षांचा ससा. भाजलेल्या रव्याच्या रंगाचा, म्हणून नातीने त्याचे हे नाव ठेवले. वर्षभराने त्याला जोडीदारीण आली, ती काळसर, म्हणून ती मोहरी. ‘उपम्याची तयारी झाली,’ असे माझा मुलगा म्हणायचा. मी स्वतः सत्तावीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. सस्तन प्राण्यांचा नमुना म्हणून तेव्हा अभ्यासक्रमात ससाच होता. त्याची पचनसंस्था मी रंगीत खडूंनी फळ्यावर किती वेळा काढली असेल, याची गणती नाही. त्या आकृतीतले प्रत्येक नाव मला आजही पाठ आहे. तरीही त्या संध्याकाळी डोळ्यांसमोर जे घडत होते ते मला दिसले नाही. का दिसले नाही, हे शोधण्यात माझे पुढचे काही महिने गेले. हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे.

ते सतरा तास

कोथिंबिरीची काडी रवाने हुंगली आणि तोंड फिरवले. मग तो कपाटाच्या कोपऱ्यात पाय पोटाखाली घेऊन, पाठ किंचित उंचावून बसला. डोळे अर्धवट मिटलेले. मला वाटले, उन्हाळा सुरू झाला आहे, मलूल झाला असेल. नात त्याच्याजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने मला बोलावले, ‘‘आजी, हा दात वाजवतोय.’’ ससा समाधानात असला, त्याचे कपाळ कुरवाळले की दातांचा बारीक, हलका आवाज करतो. मांजर घुरघुरते तसेच ते. मी दुरूनच म्हणाले, ‘‘बघ, तू जवळ बसलीस म्हणून खूश आहे.’’

झोपण्यापूर्वी मी त्यांचा ट्रे साफ केला. लेंड्या नेहमीपेक्षा कमी होत्या आणि लहान होत्या. एकाच ट्रेमध्ये दोघे जात असल्यामुळे कुणाच्या कमी, ते कळले नाही. कळून घेण्याचा प्रयत्नही मी केला नाही.

पहाटे सहाला पाहिले तेव्हा तो त्याच कोपऱ्यात होता. कानांना हात लावला तर गार. पोट ढोलकीसारखे ताणलेले. जवळच्या दवाखान्यात फोन केला. तिथे कुत्री-मांजरे पाहतात, सशाचा अनुभव नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल आज मला कृतज्ञताच वाटते. सशांवर उपचार करणारे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. साडेनऊला तिथे पोहोचलो. त्यांनी कानातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहिली, ती फार वाढलेली होती. एक्स-रेमध्ये जठर फुग्यासारखे गोल दिसत होते. आतड्यात काहीतरी अडकले असावे, बहुधा केसांचा घट्ट गोळा, असे ते म्हणाले. आधी ऊब, वेदनाशामक आणि सलाइन देऊ, थोडा सावरला तर शस्त्रक्रियेचा विचार करू, असे ठरले. तो सावरला नाही. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी संपले.

मी विचारले, ‘‘डॉक्टर, काल रात्री आणला असता तर?’’

ते क्षणभर थांबले. ‘‘काकू, काल आणला असतात तर संधी जास्त होती. पण खात्री तेव्हाही नव्हती.’’

या उत्तराची दोन्ही वाक्ये खरी आहेत. पुढचे कित्येक दिवस मला फक्त पहिलेच ऐकू येत होते.

एक शब्द, दोन प्राणी

मराठीत ‘ससा’ हा शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरतो. माळरानावर, शेताच्या बांधावर दिसतो तो आपला रानससा, शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस. तो बीळ खणत नाही, गवतात उघड्यावर दबून बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे, त्याला पकडून घरी पाळता येत नाही. आपण पाळतो तो ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. त्याचे मूळ घर स्पेन-पोर्तुगालचा प्रदेश. तो बिळात, समूहात राहणारा. त्याची पिल्ले उघडीवाघडी आणि आंधळी जन्मतात.

हा फरक केवळ वर्गीकरणाचा नाही. घरी ससा आणताना त्याच्याविषयीची आपली सगळी माहिती गोष्टींतून आलेली असते, आणि त्या गोष्टी रानसशाच्या. पंचतंत्रातला सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा ससा, जातककथेतला पाहुण्यासाठी अग्नीत उडी घेणारा आणि म्हणून चंद्रावर जाऊन बसलेला ससा, आभाळ पडले म्हणून पळत सुटलेला भित्रा ससा. चंद्राला आपण शशांक म्हणतो, शशी म्हणतो. इतका मान दिलेल्या प्राण्याच्या पोटात काय चालते, हे मात्र गोष्टीत कुठे येत नाही. चित्रांतून तर एकच गोष्ट शिकवली जाते, ससा गाजर खातो. प्रत्यक्षात गाजरात त्याच्या मानाने साखर बरीच, ते कधीमधी चकतीभर द्यायचे. त्याचे खरे अन्न गवत, आणि तेही भरपूर. आपल्याकडे सहज मिळणारी हरळीसुद्धा, कीटकनाशक मारलेली नसेल तर, त्याला चांगली. बाजारात मिळणारा लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, पण मोठ्या सशाला रोजचा नको, त्यात कॅल्शियम जास्त असते.

न थांबणारे पोट

सशाचे पोट हे सतत चालणारे जाते आहे. गाय रवंथ करून गवत पचवते, ससा तेच काम आतड्याच्या मागच्या भागात करतो. तिथे अंधनाल नावाची मोठी पिशवी असते. पचनमार्गातल्या एकूण ऐवजापैकी सुमारे ४० टक्के ऐवज एकट्या अंधनालात असतो. त्यातले असंख्य जिवाणू तंतुमय अन्न आंबवतात. जाडाभरडा चोथा बाजूला काढून त्याच्या गोल, कोरड्या लेंड्या होतात. बारीक, पौष्टिक भाग अंधनालात जातो आणि काही तासांनी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या लहानशा घोसासारख्या गोळ्या होऊन बाहेर येतो. या गोळ्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. पुष्कळ जणांना हे किळसवाणे वाटते, पण ब जीवनसत्त्वे आणि प्रथिने त्याला त्यातूनच मिळतात.

हे जाते फिरते ठेवण्यासाठी लागते तंतुमय अन्न आणि पाणी. त्यात खंड पडला की आतड्याची हालचाल मंदावते. आतला ऐवज कोरडा पडतो, जिवाणूंचा तोल जातो, वायू साठतो, पोट दुखते. दुखले की ससा खात नाही, आणि न खाल्ल्यामुळे हालचाल आणखी मंदावते. या दुष्टचक्राला पशुवैद्यक आतड्याची स्तब्धता म्हणतात. दात वाढून टोचणे, जागा बदलणे, उन्हाचा त्रास, फटाक्यांची भीती, जोडीदार गमावणे, यांपैकी कशानेही ते सुरू होऊ शकते. दातांचे कारण विशेष लक्षात ठेवावे, कारण सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर वाढतात आणि गवत चावूनच ते झिजतात.

रवाचे झाले ते याहून अचानक आणि अधिक घातक. ससा स्वतःला आणि जोडीदाराला चाटत असतो. केस गळण्याच्या दिवसांत बरेच केस पोटात जातात. एरवी ते लेंड्यांतून निघून जातात. क्वचित त्यांचा दाबलेला गोळा लहान आतड्यात अडकतो. ससा ओकू शकत नाही, कारण जठराच्या तोंडाची झडप तशी घट्ट असते. पुढची वाट बंद आणि मागची आधीपासूनच बंद, म्हणून जठर फुगत जाते. अशा वेळी आयुष्य तासांत मोजायचे असते.

लपवलेले दुखणे

हे सगळे मला माहीत होते. तरी दिसले नाही, याचे एक कारण सशाच्या स्वभावात आहे. ससा हे भक्ष्य आहे. घार, कोल्हा, कुत्रा यांच्या जगात जो लंगडतो, कण्हतो, तो आधी उचलला जातो. म्हणून दुखणे न दाखवणारे ससेच पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आपण ज्याला भित्रेपणा म्हणतो त्याचेच हे दुसरे रूप. गोष्टीतला ससा भीतीने धावत सुटतो, घरातला आजारी ससा भीतीने गप्प बसतो. तो गप्प बसला आहे एवढीच त्याची तक्रार असते, आणि गप्प बसलेल्या प्राण्याला आपण शहाणा म्हणतो.

म्हणून सशाचे दुखणे त्याच्या आवाजावरून नाही, त्याच्या नेहमीच्या वागण्यात पडलेल्या खंडावरून ओळखायचे. आवडीचा घास नाकारणे ही पहिली खूण. सशाच्या दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या होतात, त्या अचानक कमी, लहान किंवा बंद होणे ही दुसरी. पाठ उंचावून आखडून बसणे, पोट जमिनीवर दाबून धरणे ही तिसरी. चौथी खूण दातांची. समाधानाचा आवाज बारीक आणि हलका असतो, वेदनेचा जोरकस, करकरणारा आणि थांबून-थांबून येणारा. त्या संध्याकाळी मी दुरून ऐकला तो दुसरा होता. जवळ जाऊन ऐकले असते तर फरक कळला असता. सशाच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असते. गार कान आणि ३८ च्या खाली उतरलेले तापमान ही उशिराची खूण आहे.

या खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नये. १२ तास काही न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण समजावा, आणि पोट ताणलेले असेल तर बारा तासही थांबू नये. गार पडला असेल तर ऊब द्यावी. पोट फुगलेले असताना बळेच काही भरवू नये. घरातल्या औषधपेटीतली गोळी तर मुळीच देऊ नये. माणसांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या अंधनालातले जिवाणू बिघडून तो दगावू शकतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, सशाला तपासणारा डॉक्टर कोण, रात्री कोण भेटते, हे ससा धडधाकट असतानाच शोधून ठेवावे. मी ते केले नव्हते.

कूपरचे तीन ससे

अपराधीपणाच्या त्या दिवसांत मला एक जुना सोबती मिळाला. अठराव्या शतकातला इंग्रज कवी विल्यम कूपर. १७७३ मध्ये त्याला गंभीर मानसिक आजाराचा झटका आला. त्यातून सावरत असताना, १७७४ मध्ये, ओल्नी या गावात शेजारच्या मुलांना खेळायला मिळालेले रानसशाचे एक पिल्लू त्याच्याकडे आले. मुलांचा उत्साह ओसरला होता आणि पिल्लू वाळत चालले होते. लोकांना कळल्यावर आणखी पिल्ले येऊ लागली, त्यांतली तीन त्याने ठेवली. पस, टायनी आणि बेस. नावे बायकी असली तरी तिघेही नर होते. मनाला गुंतवण्यासाठी एखादे काम हवे, म्हणून त्याने ते पाळले. १७८४ मध्ये ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याने त्यांच्याविषयी एक पत्र लिहिले. त्यात कोण काय खाई, कोणाचा स्वभाव कसा, हे सगळे बारकाईने येते.

त्या नोंदींत मला सर्वांत जवळची वाटली ती मृत्यूंची कारणे. बेस ऐन तारुण्यात गेला. त्याची पेटी धुतली होती, ती ओलसर असतानाच त्याला आत ठेवले गेले, हे कूपर लिहून ठेवतो. टायनीला पडल्यामुळे कमरेत इजा झाली असावी, असे तो नोंदवतो. टायनीवर त्याने मृत्युलेखाची कविताही लिहिली. पस मात्र ११ वर्षे ११ महिने जगला आणि ९ मार्च १७८६ रोजी म्हातारपणाने गेला. हाच पस एकदा तीन दिवस आजारी होता. कूपरने त्याला इतरांपासून वेगळे ठेवले, नाना तऱ्हेचा पाला खाऊ घालून बरे केले.

बेसच्या ओल्या पेटीविषयी कूपरने ना कांगावा केला, ना ती गोष्ट दडवली. काय झाले ते एका वाक्यात लिहिले आणि उरलेल्या दोघांची काळजी घेत राहिला. मला हे जमत नव्हते. ट्रेमधल्या त्या लहान लेंड्या रोज रात्री डोळ्यांपुढे येत. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून एक गोष्ट दाखवली. घटनेचा शेवट कळला की तो आधीपासूनच दिसत होता, असे माणसाला वाटू लागते. सोमवारी रात्री माझ्यापुढे उन्हाने मलूल झालेला ससा होता. मंगळवारी दुपारनंतर आठवणीत राहिला तो मरणारा ससा. दोन्ही एकच, पण सोमवारच्या मला मंगळवार माहीत नव्हता. हे समजल्याने माझी चूक पुसली गेली नाही, मात्र तिचा आकार कळला. जवळ जाऊन न ऐकणे ही माझी चूक होती. मृत्यू ओळखता न येणे ही नव्हती.

सुतक नसलेला शोक

रवाला कुठे न्यायचे, हा प्रश्न त्याच दुपारी आला. महापालिकेकडे चौकशी करता येते, पण तिथला शब्द आहे ‘विल्हेवाट’. शेवटी सासवडला बहिणीच्या अंगणात, पारिजातकापाशी पुरले. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून खड्डा चांगला खोल घेतला.

माणूस गेले की आपल्याकडे काय करायचे ते ठरलेले असते. सुतक, दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसे, ते येतात म्हणून ठेवलेला चहा. त्यावर आपण कितीही टीका केली तरी शोकाला तिथे वेळ आणि जागा असते. शेतकऱ्याचा बैल गेला तर गाव हळहळते. सशासाठी असे काही नाही. शेजारणीने अगदी मायेने म्हटले, ‘‘अहो, ससाच तर होता, दुसरा आणा.’’ अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक संपादित केले. ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही, ते उघडपणे व्यक्त करता येत नाही आणि म्हणून त्याला आधारही मिळत नाही, अशी त्यांची मांडणी आहे. आपल्या तर्कशास्त्रात मुळातच नसलेल्या वस्तूचे ठरलेले उदाहरण आहे, शशशृंग. सशाचे शिंग. सशासाठीचा शोक लोकांच्या लेखी असाच असतो, आणि काही दिवस मीही तो नाहीच असे भासवत होते.

ते भासवणे नातीने थांबवले. चौथ्या दिवशी तिने विचारले, ‘‘आजी, तू म्हणालीस ना, तो खूश आहे म्हणून?’’

तो देवाघरी गेला, झोपला, असली वाक्ये जिभेवर आली होती. ती नऊ वर्षांची आहे, ‘झोपला’ म्हटले असते तर रात्री झोपायला घाबरली असती. मी म्हणाले, ‘‘माझी चूक झाली गं. त्याला दुखत होतं. तू बरोबर ऐकलंस, मला ओळखता आलं नाही.’’ ती रडली, मीही रडले. त्यानंतर आमच्या घरात रवाचे नाव पुन्हा घेता येऊ लागले.

मोहरी

दवाखान्यातून परतल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने रवाचा देह काही वेळ मोहरीजवळ ठेवला होता. संसर्गाचा संशय नसेल तर असे करावे, म्हणजे जोडीदार त्याला शोधत फिरत नाही. तिने हुंगले, नाकाने ढोसले, एक कान चाटला. मग दूर जाऊन बसली. संध्याकाळी तिनेही कोथिंबीर खाल्ली नाही.

प्राण्यांच्या अशा वागण्याला दुःख म्हणावे का, यावर वाद आहेत. माझ्यापुढे त्या रात्री वाद नव्हता, जाते थांबण्याची भीती होती. सकाळपर्यंत ट्रेमध्ये सतराच लेंड्या होत्या, त्याही बारीक. पहाटेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तिचे पोट तपासले, कुठे अडथळा नाही याची खात्री केली, वेदनाशामक दिले आणि सशाच्या खाद्याच्या गोळ्या भिजवून, बारीक करून सिरिंजने थोडे-थोडे भरवायला शिकवले. पाच दिवस आम्ही पाळ्या लावल्या. नातीने वही केली. वजन, लेंड्या, गवत, पाणी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर परातीत बसवून मोहरीचे वजन होई. सहाव्या दिवशी तिने हरळीची काडी स्वतःहून ओढली.

मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाविषयी एक मांडणी केली. शोक करणारा माणूस सरळ पायऱ्या चढत जात नाही. तो गमावलेल्याकडे आणि पुढच्या कामाकडे आळीपाळीने वळत राहतो, आणि हे हेलकावेच त्याला सावरतात. आमच्या घरात ते हेलकावे दर चार तासांनी, सिरिंजच्या वेळापत्रकाने येत होते. भरवताना रडायला सवड नव्हती, भरवून झाल्यावर होती. ज्या लक्षपूर्वक पाहण्यात मी रवाच्या वेळी कमी पडले, तेच मोहरीसाठी करत होते. यात भरपाई नाही. रवाच्या वाट्याचे ते मोहरीला मिळाले, एवढेच.

वही अजून चालू आहे. नोंदी आता आठवड्याच्या झाल्या आहेत. दिवाळीच्या चार दिवसांसाठी आम्ही आतली खोली तिच्यासाठी आधीच ठरवली आहे, खिडक्या बंद करून जाड पडदे लावायचे आणि रात्रभर कुणीतरी सोबत झोपायचे. तो कुणीतरी बहुधा मीच असेन. रात्री जाग आली की आधी गवत चावल्याचा आवाज येतो का, ते ऐकते. दातांचा दुसरा कुठला आवाज आला तर उठून दिवा लावते आणि जवळ जाऊन बसते.